वर्गणी आपोआप जावी, संमती नव्हे!

पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी पावतीपुस्तक घेऊन उभा राहणारा संघटनेचा कार्यकर्ता ही आमच्या सीमाभागातील जुनी, ओळखीची मूर्ती आहे. तो चार शब्द बोलतो, चार शब्द ऐकूनही घेतो, वर्गणी घेतो, पावती फाडून हाती देतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो. आता या मूर्तीला निरोप देण्याची भाषा ठिकठिकाणच्या कामगार संघटनांत ऐकू येऊ लागली आहे. पगार बँकेत जमा होतो, विम्याचा आणि कर्जाचा हप्ता बँकेतून परस्पर जातो. मग संघटनेची वर्गणीच तेवढी हातोहात का गोळा करावी, असा रोकडा सवाल तरुण सभासद विचारतात. जुनी मंडळी मान हलवतात. बँकेतून वर्गणी जाऊ लागली की संघटना बँकेतच राहील, माणसांत राहणार नाही, अशी त्यांची धास्ती आहे.

या वादात आमचे मत आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. पैसा बँकेतून जावा, याला आमचा पाठिंबा आहे. परंतु जुन्या मंडळींची धास्तीही खोटी नाही. पैशाबरोबर सभासदाची संमतीही एकदाच सही करून बँकेच्या कपाटात बंद होणार असेल, तर तो व्यवहार संघटनेस महागात पडेल. वर्गणी आपोआप जावी. संमती मात्र प्रत्येक वेळी मागूनच घेतली पाहिजे, हे आमच्या म्हणण्याचे सार आहे.

वर्गणीचा प्रश्न क्षुल्लक आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी थोडे मागे वळून पाहावे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, त्यांच्या मागण्यांचे निवेदन तयार केले आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. हिंदुस्थानातील कामगार चळवळीचा पाया त्यांनी घातला, यात शंका नाही. परंतु त्यांच्या संघाला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, लिखित नियमही नव्हते. सारा भार एका कर्त्या पुरुषाच्या खांद्यावर होता. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोखंडे गेले आणि त्या कामाचा धागाच तुटला. पुढे १९१८ मध्ये मद्रासेत नियमित सभासदत्व आणि नियमित वर्गणी यांच्या आधारावर संघटना उभी राहिली, तेव्हाच आधुनिक अर्थाने कामगार संघटना या देशात सुरू झाली असे मानले जाते. नेता कितीही मोठा असला तरी त्याच्या मागे आण्या-आण्याचा निधी नसेल तर त्याच्या पश्चात काही उरत नाही, हा त्या इतिहासाचा धडा आहे.

कायद्यानेही हे ओळखले. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यात १९६० मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रत्येक सभासदाने दरमहा निदान पंचवीस नये पैसे वर्गणी दिलीच पाहिजे, असे बंधन घालण्यात आले. म्हणजे जुन्या भाषेत चार आणे! २००१ च्या दुरुस्तीने ही किमान वर्गणी ग्रामीण कामगारांस वर्षाला एक रुपया, असंघटित कामगारांस तीन रुपये आणि इतरांस बारा रुपये अशी ठरली. रक्कम हास्यास्पद वाटेल इतकी लहान आहे. परंतु तिच्यामागचा हेतू लहान नाही. संघटना ही देणगीदारांच्या मेहेरबानीवर किंवा पुढाऱ्यांच्या खिशावर चालू नये, ज्यांच्यासाठी ती आहे त्यांच्याच पैशावर चालावी, हा तो हेतू होय.

वर्गणी गोळा करण्याचे मार्ग तीन आहेत. पहिला हातोहात गोळा करण्याचा. दुसरा, पगारातून मालकाने कापून संघटनेकडे भरण्याचा, ज्याला ‘चेक-ऑफ’ म्हणतात. तिसरा, सभासदाच्या बँक खात्यातून परस्पर जाण्याचा. तिन्हींचे गुणदोष नीट पारखले पाहिजेत.

हातोहात वर्गणीचे मोल माणसाला माणूस भेटतो यात आहे. परंतु पैशाला वाटेत गळती लागते, पावतीपुस्तके हरवतात, हिशेब महिनोन्‌महिने जुळत नाहीत, आणि पाळीपाळीने काम करणाऱ्या शेकडो माणसांना गाठताना कार्यकर्त्याचा जीव मेटाकुटीस येतो. पगार रोख मिळत असे त्या काळी फाटकावर वर्गणी मिळत असे. पगार खात्यात जाऊ लागल्यावर फाटकावर माणूस भेटतो, पण त्याच्या खिशात पैसे नसतात.

पगारातून कपात हा मार्ग सर्वांत सोपा आणि आमच्या मते सर्वांत परावलंबी. कामगाराची लेखी संमती असल्याखेरीज मालकाला अशी कपात करता येत नाही, हे खरे. तरीही सभासदांची संपूर्ण यादी महिन्याच्या महिन्याला मालकाच्या कचेरीत तयार होते, हेही तितकेच खरे. कोण आत आला, कोण बाहेर पडला, हे संघटनेच्या चिटणिसाच्या आधी मालकाच्या कारकुनाला कळते. शिवाय ज्या हाताने कपात होते तोच हात एके दिवशी ती थांबवूही शकतो.

ही केवळ कल्पनेतली भीती नाही. ब्रिटनमध्ये ती प्रत्यक्षात उतरली. तेथील सरकारी नोकरांच्या ‘पब्लिक अँड कमर्शियल सर्व्हिसेस’ या संघटनेची वर्गणी वर्षानुवर्षे पगारातून कापली जात असे. २०१० मध्ये सत्तेवर आलेल्या संयुक्त सरकारच्या काळात एकामागून एक खात्यांनी ही कपात बंद केली. २०१४-१५ च्या सुमारास या संघटनेवर असा प्रसंग आला की, थोड्या महिन्यांत आपल्या सभासदांना एकेक गाठून बँकेतून थेट वर्गणी देण्याच्या पत्रावर त्यांची सही घ्यावयाची, नाहीतर उत्पन्न बुडू द्यावयाचे. पैशाच्या ओढीमुळे संघटनेच्या अंतर्गत निवडणुकाही तिला पुढे ढकलाव्या लागल्या, आणि त्यावरून सभासदांत वादही झाला. तरी संघटना बुडाली नाही. कार्यकर्ते टेबलाटेबलापाशी गेले, समजूत घालून सह्या घेतल्या आणि संघटना बँकेच्या मार्गावर नेली. २०१६ मध्ये तेथील संसदेने केलेल्या कायद्यात सरकारी क्षेत्रापुरती अट घातली गेली, की पगारातून कपात हवी असेल तर तिचा खर्च संघटनेने सोसावा आणि सभासदाला दुसरा मार्ग खुला असावा. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सरकारी खात्यांनी कपात एकतर्फी बंद केली हा कराराचा भंग होता आणि संघटनेला त्याविरुद्ध दाद मागता येते. न्याय मिळाला, पण दहा वर्षांनी! दहा वर्षे जी संघटना जगली ती न्यायालयाच्या भरवशावर नव्हे. सभासदांच्या स्वतःच्या सहीवर जगली.

या उदाहरणाचे तात्पर्य उघड आहे. ज्याच्याशी भांडावयाचे त्याच्याच तिजोरीतून आपला निधी वाहत यावा, ही व्यवस्था शांततेच्या काळात सोयीची वाटते आणि लढ्याच्या काळात गळ्याशी येते. बँकेचा मार्ग यातून सोडवतो, म्हणून आम्ही त्याचे स्वागत करतो. सभासदाने आदेशपत्रावर सही केली की ठरल्या तारखेस ठरली रक्कम त्याच्या खात्यातून संघटनेच्या खात्यात जाते. आपल्याकडे पूर्वी ‘ईसीएस’ नावाची व्यवस्था होती. आता राष्ट्रीय देयक महामंडळाची ‘नॅच’ यंत्रणा हे काम करते, आणि २०२० पासून मोबाईलवरील यूपीआयद्वारेही असा कायमचा आदेश देता येतो. मालकाचा यात कोठेही संबंध येत नाही. प्रत्येक रुपयाची नोंद दोन ठिकाणी राहते. खजिनदाराचा हिशेब कोणालाही ताडून पाहता येतो.

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. केंद्र सरकारच्या नोकरांच्या संघटनांना मान्यता देण्याचे १९९३ चे जे नियम आहेत, त्यांत सभासदसंख्येची मोजणी पगारपत्रकातील कपातीवरून होते, आणि मान्यतेसाठी त्या वर्गातील निदान पस्तीस टक्के कर्मचारी सभासद असावे लागतात. तेथे बँकेतून गेलेली वर्गणी मोजणीत धरली जाणार नाही. अशा संघटनांनी कपात सोडून देणे म्हणजे स्वतःच्या हाताने मान्यता घालविणे होईल. नियम बदलून घेण्याची मागणी त्यांनी करावी. तोवर घाई करू नये.

आता दुसरी बाजू. बँकेची यंत्रणा थकत नाही आणि विसरत नाही, हा तिचा गुण. हाच तिचा दोषही आहे. हातोहात वर्गणीत सभासद रागावला तर वर्गणी थांबत असे. कार्यकर्ता फाटकावर आला की तो म्हणे, “गेल्या महिन्यात माझी तक्रार कोणी ऐकली नाही, आता पैसे कशाचे?” हा उर्मटपणा नव्हता. ती संघटनेची नाडी होती. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्यात सभासद कोणाला म्हणावे याची व्याख्याच अशी केली होती, की तीन महिन्यांहून अधिक वर्गणी थकली तर तो माणूस सभासद राहत नाही. त्याच कायद्याने मान्यताप्राप्त संघटनेला, जेथे पगार वाटला जातो त्याच जागेत वर्गणी गोळा करण्याचा हक्क दिला. कायदा करणाऱ्यांनी जाणले होते, की वर्गणी मागताना कार्यकर्ता सभासदासमोर उभा राहतो आणि त्याला उत्तर द्यावे लागते. बँकेतून वर्गणी जाऊ लागली की रागावलेल्या सभासदाचा पैसाही येतच राहतो आणि पुढाऱ्याला वाटते, सारे आलबेल आहे.

कागदावरची संघटना आणि मनातली संघटना यांत अंतर पडले की काय होते, हे १९८२ मध्ये मुंबईने पाहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यांनी डॉक्टर दत्ता सामंतांचे नेतृत्व पत्करले होते. परंतु १९४६ च्या कायद्यानुसार प्रतिनिधित्वाचा अधिकार दुसऱ्याच संघटनेकडे होता आणि वाटाघाटीचे दार तिच्यासाठीच उघडे होते. कामगार एकीकडे, मान्यता दुसरीकडे! त्या संपाच्या अपयशाची कारणे अनेक आहेत; सारा दोष एका कायद्यावर टाकणे बरोबर नाही. तरी कामगारांच्या चालू संमतीशिवाय चालणारी मान्यता किती घातक ठरू शकते, हे त्या संपाने शिकविले. त्या वेळी हे अंतर कायद्याने पाडले होते. उद्या ते बँकेच्या सोयीने, आपल्याच हातून पडू नये.

काही गोष्टी व्यवहाराच्याही आहेत. नॅचच्या आदेशपत्रात रकमेपुढे दोन पर्याय असतात: ठरावीक रक्कम किंवा कमाल रक्कम. वर्गणी पन्नास रुपये असताना ‘कमाल पाचशे’ असे लिहून सही घेतली, तर उद्या वर्गणी वाढविताना सभासदाला विचारण्याची गरजच उरत नाही. सोयीसाठी म्हणून कित्येक ठिकाणी असे करण्याचा मोह होईल. आम्ही म्हणतो, रक्कम ठरावीकच लिहावी. वर्गणी वाढवावयाची असेल तर सर्वसाधारण सभा बोलवावी, कारण सांगावे आणि नवी सही घ्यावी. दुसरे, ठरल्या तारखेस खात्यात शिल्लक नसेल तर बँक दंड आकारते आणि तो वर्गणीच्या कितीतरी पट भरतो. महिन्याच्या वीस तारखेला कामगाराच्या खात्यात काय उरते, हे आम्ही सांगावयास नको. म्हणून तारीख पगाराच्या लगत असावी, आणि आजार, काम बंद किंवा संप असेल त्या महिन्यात संघटनेने मागणी पाठवूच नये.

तिसरे, सर्वांचाच पगार महिन्याला बँकेत येतो असे नाही. वडगाव, खासबागेतील यंत्रमागावरचा विणकर कापडाच्या मापावर मजुरी घेतो. काम असेल तर पैसा, नसेल तर नाही. निपाणीच्या तंबाखू वखारींतील स्त्रियांनी १९८० च्या सुमारास जी संघटना बांधली तिची हकीकत युगांतर या चित्रपट-गटाने १९८२ मध्ये पडद्यावर आणली आहे. धुळीत आणि तंबाखूच्या खकाण्यात राबणाऱ्या त्या बाया बँकेच्या आदेशपत्रावर एकत्र आल्या नव्हत्या. त्या एकमेकींच्या घरी बसून, बोलून एकत्र आल्या. अशा कष्टकऱ्यांच्या संघटनांत पावतीपुस्तक राहिलेच पाहिजे. ज्याच्यापाशी बँकेचा मार्ग नाही तो दुय्यम सभासद, अशी भावना कोठेही निर्माण होता कामा नये.

आणि आता आमच्या सीमाभागाचा जो खास प्रश्न, त्याकडे वळतो. आदेशपत्र ही संमती आहे. आणि जी भाषा वाचता येत नाही त्या भाषेतील कागदावर केलेली सही ही संमती म्हणता येत नाही. नॅचचा छापील नमुना इंग्रजीत. ग्राहकांसाठीचे कागद हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषा अशा तीन भाषांत असावेत असे रिझर्व्ह बँकेचे धोरण. आणि बेळगाव, खानापूर, निपाणीत प्रादेशिक भाषा म्हणजे कन्नड असाच अर्थ लावला जातो. भाषिक अल्पसंख्याक एखाद्या भागात पंधरा टक्के वा अधिक असतील तर सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व १९५६ पासून मान्य झालेले आहे. ते किती पाळले गेले हे येथील प्रत्येक मराठी माणूस स्वतःच्या अनुभवाने जाणतो. मग मराठी शाळेत शिकलेल्या कामगाराने ‘कमाल’ आणि ‘ठरावीक’ यांतला फरक इंग्रजीतल्या चौकोनातून कसा ओळखावा?

हे बँकेने करावे ही मागणी आपण करीत राहूच. परंतु संघटनेने त्यासाठी थांबून राहण्याचे कारण नाही. आदेशपत्राचा शब्दशः मराठी तर्जुमा छापून प्रत्येक सभासदाच्या हाती द्यावा. तो वाचून दाखवावा. मग सही घ्यावी. आमचे कन्नड आणि उर्दू बोलणारे कामगारबंधू याच फाटकातून आत जातात. त्यांनाही त्यांच्या भाषेत तर्जुमा मिळाला पाहिजे. आपल्या भाषेचा हक्क मागणाऱ्याने दुसऱ्याच्या भाषेचा हक्क नाकारू नये. किंबहुना त्यामुळेच आपली मागणी खरी ठरते.

तेव्हा या मार्गावर जाणाऱ्या संघटनांना आमच्या सूचना येणेप्रमाणे आहेत. आदेशपत्र सभासदाच्या भाषेत समजावून द्यावे आणि रक्कम ठरावीक असावी. आदेश रद्द कसा करावयाचा, हेही त्याच कागदावर लिहावे. ज्याला बाहेर पडण्याचे दार माहीत आहे तो आत राहतो तेव्हा मनापासून राहतो. आदेशाची मुदत एक-दोन वर्षांची ठेवावी आणि मुदत संपली की पुन्हा त्याच्याकडे जाऊन सही मागावी. दर तीन महिन्यांनी जमाखर्च फाटकावरच्या फलकावर लावावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पगाराच्या दिवशी कार्यकर्त्याने फाटकावर उभे राहणे सोडू नये. त्याच्या हाती आता पावतीपुस्तक नसेल. तक्रारवही असू दे. पैसे गोळा करण्यात जाणारा त्याचा वेळ वाचला आहे. तो वेळ ऐकण्यासाठी खर्च व्हावा.

सीमाभागातील जनतेला हे निराळे सांगण्याची गरज पडू नये. १९५६ पासून आपली चळवळ कोणाच्या तिजोरीवर चालली? १७ जानेवारीला हुतात्म्यांना वंदन करण्यासाठी जो समाज उभा राहतो, त्याने दारोदार फिरून, मूठमूठ गोळा करून ही चळवळ पिढ्यान्‌पिढ्या चालविली. महाराष्ट्र सरकारने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तारखांमागून तारखा गेल्या. लोक मात्र थकले नाहीत. कारण दारात आलेल्या माणसाला त्यांनी फक्त पैसे दिले नाहीत. दर वेळी नव्याने होकार दिला, आणि जेथे चुकले तेथे खडसावूनही विचारले. कामगार संघटनेचे बळ याहून निराळे नाही.

पैसा बँकेतून जाऊ द्या. तो सुरक्षित जाईल, वेळेवर जाईल. होकार मात्र कार्यकर्त्याने पगाराच्या दिवशी फाटकावर उभे राहून, सभासदाच्या तोंडून, त्याच्या स्वतःच्या भाषेत ऐकावा.